बंदरावर अडवलेली कीड

१९२० च्या दशकात अमेरिकेहून मुंबईला आलेली कापसाची गाठ बोटीतून थेट धक्क्यावर उतरत नसे. आधी ती बंदरातच बार्जमध्ये उतरवली जाई. बार्ज भरला की झाकणं बसवायची, फटी बुजवायच्या आणि आत हायड्रोसायनिक आम्लाचा वायू सोडायचा. कडू बदामासारखा वास असलेला हा वायू माणसाला काही मिनिटांत संपवू शकतो. त्यामुळे हे काम गोदीच्या गर्दीत न करता पाण्यावर करण्यात शहाणपण होतं. ठरलेला वेळ गाठी त्या विषात राहिल्या, मग झाकणं उघडून आतली हवा मोकळी झाली, की बार्ज किनाऱ्याला लागे. ब्रिटिश हिंदुस्थानात शिरायला अमेरिकन कापसाला मुंबई हे एकच दार ठेवलं होतं, आणि धुरी घेतल्याशिवाय त्या दारातून आत यायची सोय नव्हती.

ही सगळी खटपट जेमतेम सहा मिलिमीटर लांबीच्या, सोंडवाल्या एका भुंग्यासाठी होती. हा बोंडभुंगा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. १८९२ च्या सुमारास तो टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावाजवळ सीमा ओलांडून अमेरिकेत आला. त्याची मादी कपाशीच्या पातीला सोंडेने भोक पाडते आणि आत अंडं घालते. अळी पातीच्या आत बसून खाते, पाती पिवळी पडते, गळते, आणि बोंड धरायच्या आधीच हंगाम संपतो. तीस वर्षांत या भुंग्याने अमेरिकेचा जवळजवळ सगळा कापूसपट्टा व्यापला. अलाबामातल्या एंटरप्राइज गावचे शेतकरी कापूस सोडून भुईमुगाकडे वळले, त्यात सावरले, आणि १९१९ मध्ये त्या गावाने भर चौकात या भुंग्याचं स्मारक उभारलं.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस तेव्हा आखूड धाग्याचा होता. मुंबईच्या गिरण्यांना तलम सूत काढायचं तर लांब धाग्याचा अमेरिकन कापूस लागे, आणि तिकडे भाव उतरले की तो मोठ्या प्रमाणावर येई. एका अंगाला गिरणीमालकांची गरज, दुसऱ्या अंगाला कपाशीवर जगणाऱ्या लाखो कुटुंबांची शेतं. आयात कापसाला धुरी देण्याचा पहिला सरकारी हुकूम १९०६ सालचा. पुढे त्याला कायद्याचं बळ मिळालं, बार्जची व्यवस्था बसली आणि ती चालत राहिली. बोंडभुंगा आजतागायत भारतात आलेला नाही. यवतमाळच्या किंवा जळगावच्या शेतकऱ्याला त्याचं नावही ठाऊक नसतं, आणि त्याचं मोठं श्रेय मुंबईच्या पाण्यावर झालेल्या या कामाला द्यायला हवं.

आयातीच्या या नियमांचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत समोर येते. त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम कुठल्या तरी बुडालेल्या शेतामागून किंवा रिकाम्या झालेल्या गोठ्यामागून आलेलं आहे. आधी नुकसान, मग नियम. अमेरिकन कापसाच्या बाबतीत नुकसान दुसऱ्याचं झालं आणि आपण वेळेत सावध झालो. असं फार थोड्या वेळा घडलं.

आपल्याकडून बाहेर गेलेल्या किडीचा हिशेबही याच बरोबर मांडायला हवा. १८४२ मध्ये भडोचला कपाशीच्या बोंडात एक गुलाबी अळी सापडली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय वर्णन छापलं. हीच आपली गुलाबी बोंडअळी. ही अळी सरकीत शिरते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत महिनोन्‌महिने झोपून राहते आणि अनुकूल दिवस आले की जागी होते. प्रवासासाठी याहून सोयीची कीड शोधून सापडायची नाही. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानी कापसातून ती इजिप्तला पोचली आणि थोड्याच वर्षांत नाईलच्या खोऱ्यातल्या कपाशीची सगळ्यात मोठी शत्रू झाली. इजिप्तहून सरकीच्या बियाण्यातून ती १९११ मध्ये मेक्सिकोत उतरली, तिथून १९१७ मध्ये टेक्सासात. म्हणजे अमेरिकेचा भुंगा आपल्या शेतात येऊ नये म्हणून मुंबईत धुरीचं काम चाललं होतं, आणि भडोचला प्रथम नोंदलेली अळी तोवर अमेरिकेत पोचलीही होती. २०१७ साली बीटी कपाशीलाही न जुमानता विदर्भाचा हंगाम खाऊन टाकणारी अळी हीच.

किडींचा आणि रोगांचा हा प्रवास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदम का वाढला, याचं उत्तर जहाजांत आहे. शिडाच्या जहाजाला महासागर ओलांडायला इतका काळ लागे की वाटेतच रोपं वाळत, अळ्या मरत, आजारी जनावरं समुद्रात फेकली जात. वाफेच्या बोटींनी ते अंतर आठवड्यांवर आणलं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि युरोपहून मुंबईला यायला आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. माल ताजा पोचू लागला, तशी कीडही जिवंत पोचू लागली.

सगळ्यात मोठी किंमत गुरांनी मोजली. बुळकांडी हा शब्द महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून अजून ऐकू येतो. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, रक्ताचे ढाळ, आणि आठवड्या-दीड आठवड्यात दावणीचं जनावर खलास. १८८७ मध्ये इटालियन सैन्यासाठी लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात जी गुरं उतरवली गेली त्यांच्याबरोबर हा रोग पूर्व आफ्रिकेत शिरला. ती गुरं हिंदुस्थानातून गेली होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. इथिओपियातली दहातली नऊ गुरं मेली. नांगराला बैल उरले नाहीत, शेतं पडीक पडली आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात माणसं मेली. दहा वर्षांत रोग दक्षिण टोकापर्यंत पोचला. आफ्रिकेतल्या पशुपालकांच्या कित्येक जमाती त्या धक्क्यातून पिढ्यान्‌पिढ्या सावरल्या नाहीत.

याच रोगावर काम करण्यासाठी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं हे मूळ. पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. पण भर वस्तीत, जिथे चारी बाजूंनी जनावरं आहेत अशा जागी, जिवंत रोगजंतू बाळगणं धोक्याचं होतं. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख स्वतः तिथे जाऊन आले. १९२० च्या दशकात तिथेच जे. टी. एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि लस बनवली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग.

पुण्यात प्रयोगशाळा निघाल्यावर नऊ वर्षांनी, १८९८ मध्ये, पशुधन आयात कायदा आला. कायदा अगदी छोटा आहे, पण त्याचं एक कलम वाचण्यासारखं आहे. घोडे, गाईगुरं, उंट, मेंढ्या यांची आयात रोखण्याचा किंवा तिच्यावर अटी घालण्याचा अधिकार सरकारला त्यात आहेच. त्याखेरीज जनावरांसोबत येणारी वैरण, शेण, तबेल्यातलं अंथरुण, झुली, खोगीर आणि साज हेही त्यात नावानिशी घातलं आहे. ज्याने हे कलम लिहिलं त्याला रोग कुठून कुठे चिकटून जातो हे नीट ठाऊक होतं. घोडा निरोगी असेल, पण त्याच्या पाठीवरची झूल निरोगी असेलच असं नाही.

झाडांच्या बाबतीत असा कायदा यायला आणखी सोळा वर्षं गेली. युरोपात तोवर बरंच काही घडून गेलं होतं. आयर्लंडचं बटाट्याचं पीक १८४५ पासून सलग करप्यात गेलं आणि सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि आजाराने मेली. १८६० च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या द्राक्षांच्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळांवरची बारीक कीड फ्रान्समध्ये उतरली आणि फ्रेंच द्राक्षबागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. त्यातून १८८१ मध्ये बर्नचा करार झाला. रोपांच्या व्यापारातून पसरणारी कीड रोखण्यासाठी देशांनी एकत्र येऊन केलेल्या सुरुवातीच्या करारांपैकी तो सगळ्यात महत्त्वाचा. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्याच्या भीतीने ब्रिटनने १८७७ मध्ये स्वतःच्या बेटांसाठी विध्वंसक कीटकांचा कायदा केला. हिंदुस्थानसाठी मात्र त्या सरकारला तितकी घाई वाटली नाही.

मग बटाटा आला. खेड, मंचर, जुन्नर या भागात बटाट्याला चांगलं मूळ धरलं होतं आणि बेण्यासाठी इटलीहून बटाटे मागवले जात. १९०६ च्या सुमारास अशाच इटालियन बेण्यातून एक करड्या रंगाचा, नखाएवढा पतंग मुंबई इलाख्यात उतरला. बटाट्यावरचा हा पतंग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मादी शेतात उघड्या पडलेल्या किंवा साठवलेल्या बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते. अळी डोळ्यातूनच आत शिरते आणि गरातून बोगदे काढत जाते. बाहेरून बटाटा ठीक दिसतो, डोळ्याच्या तोंडाशी काळसर विष्ठेचा आणि जाळ्याचा पुंजका तेवढा असतो. कापला की आत काळ्या भुयारांचं जाळं. त्या भुयारांतून बुरशी शिरते, जिवाणू शिरतात, आणि आठवड्याभरात ढिगाला वास सुटतो.

पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची अडचण वेळापत्रकाची होती. रब्बीचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघे आणि खरिपाची लागण जूनच्या पावसानंतर. मधले तीन-चार महिने, म्हणजे दख्खनचा ऐन उन्हाळा, बेणं साठवून ठेवायचं. पतंगाला हेच हवं असतं. उष्णतेत त्याची पिढी महिन्याभरात पुरी होते आणि एका आरणीत चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत तीन-तीन पिढ्या निघतात. शीतगृहं तेव्हा नव्हती. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं. पिंपळे सौदागर गावच्या जमिनीचा आणि कर्जाचा अभ्यास करून प्रसिद्ध झालेले मॅन ते हेच. बटाटा निवडून घ्या, किडका एकही ढिगात जाऊ देऊ नका, शेतात सऱ्यांना भर लावून बटाटा मातीआड ठेवा, साठवताना वर कोरडी वाळू पसरा, असे उपाय शेतकऱ्यांना सांगितले जात. उपाय साधे आणि कष्टाचे. पतंग मात्र गेला नाही. तो देशभर पसरला आणि आजही आहे. ज्या बोटीतून तो आला त्या बोटीतलं बेणं बंदरावर कोणी कापून पाहिलं असतं तर कदाचित हे टळलं असतं. पण तपासणारा माणूस नव्हता आणि तपासायला सांगणारा कायदाही नव्हता.

तो कायदा ३ फेब्रुवारी १९१४ रोजी झाला. विध्वंसक कीटक व कीड अधिनियम, त्या वर्षीचा दुसरा कायदा. पिकाला घातक ठरेल अशी कोणतीही वस्तू आयात करायला बंदी घालण्याचा किंवा अटी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला आणि अंमलबजावणी कस्टम्सकडे सोपवली. इथेच त्याची मोठी उणीव होती. कस्टम्सच्या कारकुनाला दारू, सोनं आणि कापडाचा तागा ओळखता येई. आंब्याच्या रोपाच्या पानामागे चिकटलेला खवला ओळखणं हे त्याचं काम नव्हतं, आणि त्याला ते कोणी शिकवलंही नव्हतं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस निलगिरीत ऑस्ट्रेलियाकडची कापसासारखी पांढरी खवले कीड सापडली, पुढे १९६१ मध्ये तिथेच बटाट्याच्या मुळांवरचा सोनेरी सूत्रकृमी सापडला. निलगिरीचा बटाटा बेण्यासाठी बाहेर पाठवायला त्यानंतर बंदी घालावी लागली. कायदा कागदावर होता, तरी दार किलकिलंच राहिलं होतं.

खरं दार स्वातंत्र्याच्या तोंडावर बसलं. १९४६ मध्ये केंद्राने पीक संरक्षण, क्वारंटाइन आणि साठवणूक यांचं स्वतंत्र संचालनालय काढलं आणि १९५१ मध्ये मुंबई बंदरात पहिलं क्वारंटाइन व धुरी केंद्र रीतसर सुरू झालं. शिवडीच्या हाजी बंदर रस्त्यावर हे केंद्र आहे. याच वर्षी रोममध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला आणि पुढच्या वर्षी भारत त्यात सामील झाला. त्या करारामुळे प्रत्येक पाठवणीसोबत मूळ देशाच्या कृषी खात्याचा दाखला असावा ही पद्धत जगभर रूढ झाली.

अशा केंद्रातलं काम नजरेचं आणि धीराचं असतं. डाळीच्या हजारो पोत्यांतून ठरावीक पोत्यांना परखी मारून नमुना काढतात. तो चाळणीवर चाळतात, खाली पडलेल्या भुकटीत जिवंत सोंडे, त्यांची पिल्लं, तणांची बी शोधतात. बियाणं असेल तर ओल्या टीपकागदावर मांडून काही दिवस उबेत ठेवतात. बुरशी असेल तर ती तोवर डोकं वर काढते. लाकडाच्या ओंडक्यांची साल सोलून पाहतात. जिवंत कीड दिसली की माल ताडपत्रीखाली घेऊन धुरी, आणि धुरीनेही भागण्यासारखं नसेल तर माल परत किंवा नष्ट. आयातदार दरवाज्यात उभा असतो, बंदराचं भाडं दिवसागणिक चढत असतं. तपासनीसावरचा तो ताण बाहेरच्यांना सहसा दिसत नाही.

मुंबईचं केंद्र सुरू होऊन चार वर्षं होतात तोच पुण्यात गाजरगवत उगवलं. १९५५ मध्ये उकिरड्यांवर या अनोळखी झाडाची तुरळक रोपं दिसली आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतल्या गव्हाबरोबर हे तण आलं, असं महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. ‘काँग्रेस गवत’ हे नावही त्याच काळच्या रागातून चिकटलं असं मानतात. पण तारखा ताडून पाहिल्या तर गाठ नीट बसत नाही. पी. एल. ४८० खालचा भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९५६ चा आहे, पुण्यातली रोपं त्याआधीची. १९५१ मध्ये मात्र दुष्काळामुळे अमेरिकेकडून कर्जाने मोठ्या प्रमाणावर गहू आला होता, त्यामुळे धान्यातून बी आलं हा तर्क अगदी सोडून द्यावा असा नाही. वाट कोणतीही असो, एका रोपाला हजारो बिया येतात, त्या चपट्या आणि हलक्या, वाऱ्याने आणि पाण्याने जाणाऱ्या. तीसेक वर्षांत गाजरगवताने देश व्यापला. ते उपटणाऱ्या बायकांच्या हातांना खाज आणि पुरळ, परागाने शिंका आणि दमा. खेड्यापाड्यात या त्रासाचा हिशेब कधी कोणी मांडला नाही.

त्यावरचा उपाय पुन्हा परदेशातूनच आणावा लागला. मेक्सिकोतल्या ज्या भुंग्यांची उपजीविका या झाडाच्या पानांवर चालते ते बंगळूरला आणून बंदिस्त जागेत इतर पिकांवर सोडून पाहिले आणि १९८४ मध्ये मोकळे केले. मेक्सिकन भुंगे म्हणून कृषी विद्यापीठांतून शेतकऱ्यांना वाटले जातात ते हेच. १९९१ च्या सुमारास काही ठिकाणी हे भुंगे सूर्यफुलावर दिसले तेव्हा बराच गदारोळ झाला आणि पुन्हा चौकशी करावी लागली. २००८ मध्ये कोइमतूरला दिसलेला आणि पुढे महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांत पोचलेला पिठ्या ढेकूण आटोक्यात आणायलाही २०१० मध्ये पोर्तो रिकोहून एक चिमुकली गांधीलमाशी आणली. बाहेरून आलेल्या किडीसाठी बाहेरून मित्रकीटक आणायचा, आणि तोही आधी विलगीकरणात तपासायचा. दारावरची पहिली तपासणी चुकली की किती लांबचा वळसा पडतो हे या दोन गोष्टींत दिसतं.

नियमांचा कागद हळूहळू जाड होत गेला. १९८४ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये रोपं, फळं आणि बियाण्यांच्या आयातीचे आदेश निघाले. २००३ च्या आदेशाने १ जानेवारी २००४ पासून जोखीम-विश्लेषण बंधनकारक झालं: कोणत्या देशातून कोणतं फळ आलं तर सोबत कोणती कीड येऊ शकते, ती इथल्या हवेत जगेल का, जगली तर काय खाईल, हे आधी ठरवायचं आणि मग परवाना. जनावरांच्या बाजूला २००१ मध्ये १८९८ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. आयातीवरची संख्येची बंधनं त्याच वर्षी उठली होती आणि मांस, दूध, अंडी अशा पदार्थांना जुन्या कायद्यात जागाच नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. बर्ड फ्लू असलेल्या देशांतून कोंबडीचं मांस घ्यायचं नाही, हा भारताचा नियम त्या काळातला. अमेरिकेने त्यावर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१५ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. आंतरराष्ट्रीय मानकांपेक्षा कडक वागायचं तर शास्त्रीय आधार दाखवा आणि एका देशातल्या रोगमुक्त प्रदेशाला वेगळं माना, असा त्याचा आशय. भीती खरी असली तरी ती कागदावर सिद्ध करावी लागते हे तेव्हा दिल्लीला नीट कळलं.

याच नियमांचा दुसऱ्या बाजूचा अनुभव कोकणाने घेतला आहे. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला. अमेरिकेने १९८९ पासून दार लावून घेतलं, तिथे फळमाशीखेरीज कोयीतल्या भुंग्याचाही आक्षेप होता. हा भुंगा कोवळ्या फळात शिरतो आणि बाठ्याच्या आत वाढतो. वरून हापूस निर्दोष, कापला तरी गर निर्दोष, बाठा फोडावा तेव्हा आत काळा भुंगा. देवगडच्या आणि रत्नागिरीच्या बागायतदाराला हा अन्याय वाटला, आणि त्याच्या जागी कोणालाही वाटला असता. पण फ्लोरिडाचा आंबा-उत्पादक आपल्या बागेकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर १९०६ च्या वऱ्हाडाची होती.

वाट निघाली ती किडीचा बंदोबस्त करून, नियम मोडून नव्हे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांदा टिकवण्यासाठी २००२ मध्ये विकिरण केंद्र उभारलं होतं, ‘कृषक’ त्याचं नाव. तिथे आंब्याला कमीत कमी ४०० ग्रे गॅमा किरण दिले की कोयीतला भुंगा आणि फळमाशीची अळी पुढे प्रजा वाढवू शकत नाहीत. मार्च २००६ मध्ये बुश आणि मनमोहन सिंग यांच्या भेटीत हा विषय निघाला आणि २७ एप्रिल २००७ रोजी हापूस-केसरच्या १५० पेट्या न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरल्या. जपानसाठी वेगळी रीत: ४७.५ अंशांची उष्ण वाफ, वीस मिनिटं. युरोपने १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, हापूससकट आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ पाठवणींमध्ये कीड सापडली होती. त्यानंतर ४८ अंश गरम पाण्यात एक तास, ही प्रक्रिया निर्यातदारांच्या अंगवळणी पडली आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्याची बंदी उठली. वाशीला राज्य पणन मंडळाच्या केंद्रांत आज या सगळ्या प्रक्रिया एका आवारात होतात. या बंद्यांनी बागायतदाराचं नुकसान केलं, आणि काढणीपासून पेटीपर्यंतची शिस्तही त्याला यांनीच लावली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बाहेरच्यांनी लावलेला नियम आपण असा घाम गाळून पाळतो. आपला नियम मात्र अडचणीत आलो की आपणच सैल करतो. २००६ मध्ये गहू कमी पडला तेव्हा आयात गव्हातल्या तणांच्या बियांचे निकष शिथिल केले गेले. गाजरगवताचा पन्नास वर्षांचा अनुभव गाठीशी असताना हे झालं. २०१९ च्या हिवाळ्यात कांदा शंभरीपार गेला, तेव्हा इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा लवकर यावा म्हणून धुरीच्या आणि दाखल्याच्या अटी सैल केल्या, मूळ देशात धुरी झाली नसेल तर इथे उतरल्यावर द्या असं ठरलं. शहरातल्या ग्राहकाची तातडी समजते. पण कांद्याबरोबर नवा सूत्रकृमी किंवा नवी बुरशी आली तर ती निफाड-चांदवडच्या जमिनीत राहणार, आणि त्या जमिनीवर जगणाऱ्यांना या निर्णयात कोणी विचारलं नव्हतं.

मार्च २०१३ मध्ये लोकसभेत कृषी जैवसुरक्षा विधेयक मांडलं गेलं. झाडं, जनावरं आणि मासे या तिन्हींसाठी एकच प्राधिकरण, तज्ज्ञांचा स्वतंत्र वर्ग, आणीबाणीत तातडीने हालचाल करण्याचे अधिकार, दंडाची खरी तरतूद, असं बरंच काही त्यात होतं. १८९८ आणि १९१४ चे दोन्ही कायदे ते रद्द करणार होतं. पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. न्हावा शेवा बंदरात आज जे कंटेनर उतरतात त्यांतल्या सफरचंदांना, डाळींना आणि लाकडी खोक्यांना अडवण्याचा अधिकार अजून १९१४ च्या त्या छोट्या कायद्यातूनच येतो, आणि बियाण्याचा नमुना टीपकागदावर मांडून बुरशी वर यायची वाट पाहणारा तपासनीसही त्याच कायद्याच्या जोरावर कंटेनर थांबवून धरतो.